शिकलीस की वाच

पुतळ्यांच्या पोटात काय असतं, हे मला विचारा. गेली सहा वर्षं मी तेच बघतेय. एका थोर पुरुषाच्या डाव्या पायात विटांचे तुकडे आणि रिकाम्या बाटल्या कोंबलेल्या निघाल्या. एका घोड्याच्या पोटात गवंड्याचा थर्मास निघाला, झाकणासकट. आणि बहुतेकांच्या आत काहीच नसतं. नुसती पोकळी. हे मी चारचौघांत सांगत नाही, लोकांना लागतं.

माझं नाव हेमा ओतारी. वय पासष्ट. लग्न केलं नाही, त्यामुळे नाव होतं तेच राहिलं. निवृत्त झाल्यावर घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं म्हणून स्मारक खात्यात हे यंत्र चालवायचं काम घेतलं.

यंत्राचं तत्त्व सोपं आहे. अंतराळातून किरण येतात, ते वातावरणाच्या वरच्या थरावर आदळतात आणि त्यातून म्यूऑन नावाचे कण खाली बरसतात. आत्ता, तुम्ही हे वाचताय तेव्हाही बरसताहेत. तुमच्या तळहातातून सेकंदाला एक-दोन आरपार जातात आणि तुम्हाला पत्ता नसतो. छप्पर, भिंत, दगड, त्यांना कशाचं काही नाही. फक्त धातूसारखं जड काही आडवं आलं की त्यांची वाट किंचित वाकते. मी पुतळ्याच्या डोक्यावर एक पाटी तिरकी टांगते आणि पायथ्याशी दुसरी ठेवते. कण कुठून शिरला आणि कुठून बाहेर पडला, हे पाट्या टिपतात. एका कणावरून ढेकळं कळत नाही. पण दिवसामागून दिवस लाखो कण जमले, की आतलं चित्र हळूहळू उमटायला लागतं. सायीसारखं, घाई करून चालत नाही. पूर्वी अशा पाट्या न्यायला ट्रक लागायचा. आता माझ्या दोन सुटकेसमध्ये मावतात.

आणि मावायला लागल्या म्हणूनच सगळा घोळ सुरू झाला. पुतळा हलवायचा म्हटलं की पूर्वी अफवा उठायच्या, आत सोनं आहे, आत हाडं आहेत, आणि मग दगडफेक. म्हणून नियम आला: पन्नास वर्षांहून जुनं स्मारक हलवण्याआधी त्याचा अंतर्वेध घ्यायचा, आणि चित्र चौकातच मोठ्या पडद्यावर रोजच्या रोज दाखवायचं, म्हणजे कोणाला लपवाछपवी वाटायला नको. झालं, अफवा थांबायच्या राहिल्या बाजूला, गावोगाव लोक पुतळ्याकडे बघायचे बंद झाले आणि पडद्याकडे बघत बसायला लागले.

यंदा, दोन हजार चव्वेचाळीसच्या एप्रिलात, खात्यानं मला मांडवखेडचं काम दिलं. मांडवखेड म्हणजे माझंच गाव. पुतळा गावाला धरण आणणाऱ्या अण्णासाहेब घोसरवाडकरांचा. आणि तो ओतला होता माझ्या वडिलांनी.

खात्याच्या अर्जात प्रश्न होता, 'या स्मारकाशी आपला कौटुंबिक संबंध आहे का?' मी लिहिलं, नाही. त्याच्याखाली, 'आईचे नाव?' मी लिहिलं, सुशीला. जन्मभर तेच लिहीत आले, आणि दर वेळी हात अडखळला. कारण ते आईचं लग्नानंतरचं नाव. खरं नाव मला ठाऊकच नव्हतं.

खोटं का लिहिलं? सरळ सांगते. मला तो पुतळा पडताना बघायचा होता, अगदी जवळून.

*

पुतळा हलवायचा की ठेवायचा हे ठरवणाऱ्या नागरिक समितीची पहिली बैठक नगरवाचनालयाच्या हॉलमध्ये झाली. पंखे फिरत होते, पण वारा नव्हता. अध्यक्षस्थानी तहसीलदार. एका बाजूला अण्णासाहेबांचा नातू यशोधन, पन्नाशीचा, शांत, पांढरा सदरा. दुसऱ्या बाजूला वकील मृणाल वेढे, तिशीची, बोलताना पेन हातात गरागरा फिरवणारी.

यशोधन म्हणाला, "माझ्या आजोबांच्या आधी या गावात उन्हाळ्यात काय होतं? कोसकोसभर घागर घेऊन चालणाऱ्या बायका. धरण झालं, नळ आले. तो पुतळा गावानं उभा केलाय. घराघरातून एकेक भांडं आलं आणि ते वितळवून ओतलाय. आमच्या घरच्यांनी नाही बसवला."

"बरोबर," मृणाल म्हणाली. "आणि धरणाचे दरवाजे तेवीस जून एकोणीसशे सहासष्टला कोणी बंद करायला लावले? बुडीत जाणाऱ्या पळसवेढ्याला कळवलं होतं की वस्ती हलवायला दिवाळीपर्यंत मुदत आहे. पाणी जूनमध्ये आलं."

"पाऊस लवकर झाला. चौकशी झाली आहे त्याची."

"झाली ना. चौकशीत पाऊस दोषी ठरला." हॉलमध्ये कोणीतरी हसलं, कोणीतरी "गप रे" म्हणालं. मृणालनं पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. "वाचलेल्यांना तीन जिल्ह्यांत फेकलं. माझ्या आजीच्या घरच्यांना शंभर मैलांवर खडकाळ जमीन दिली. ती दर तेवीस जूनला धरणाच्या काठी येऊन ही नावं वाचायची. आता मी वाचते. ज्या रस्त्याला अण्णासाहेब मार्ग म्हणता, त्या रस्त्यावर एकदा ऐकून घ्या."

आणि तिनं अकरा नावं वाचली. सावकाश, वयासकट. सगुणा लक्ष्मण वेढे, साठ वर्षं. भिवा नामा कारंडे, पस्तीस वर्षं. त्याची बायको, त्याचे दोन मुलगे. गोजरा भिवा कारंडे, आठ वर्षं. एक अजून नाव न ठेवलेलं तान्हं. मी मान खाली घालून ऐकत होते. एवढ्या वर्षांत ती नावं मी पहिल्यांदा ऐकली. धरणाच्या काठी जायला मला तोंड नव्हतं, पुतळा ओतणाऱ्याच्या मुलीला तिथे कोण उभं करणार होतं?

मग रस्त्याच्या नावावर वाद पेटला. एक गृहस्थ तावातावानं उठले. "नाव बदलणं म्हणजे काय गंमत आहे? साठ वर्षांची ओळख पुसायची? पत्ते, कागदपत्रं, आठवणी? माणसाची मुळं असतात नावात!"

मला हसू फुटलं आणि ते दाबताना ठसका लागला. तहसीलदार म्हणाले, "मॅडम, पाणी घ्या."

हसू का? अहो, या हॉलमध्ये साठ बायका बसल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची नावं एका दुपारी बदलली होती. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव काढायचं, पेढे वाटायचे. झालं. कुठली समिती बसली नाही, कोणी मुळं-बिळं काढली नाहीत. रस्त्याला जेवढा मान, तेवढा बाईला नाही.

*

माझी आई पळसवेढ्याची. एवढंच बाबांनी मला सांगितलेलं. तिच्या माहेरचं कोणी उरलं नव्हतं, दूरच्या जिल्ह्यातल्या मामानं वाढवून एकोणिसाव्या वर्षी ओताऱ्यांच्या घरात दिली. येताना तिनं एक तांब्याची कळशी आणली. मामानं दिलेली. तिच्या गळ्यावर बारीक टिंबाटिंबांनी नाव घातलेलं होतं, तेव्हा सगळ्याच भांड्यांवर घालायचे तसं.

आई पाणी भरून आली की कळशी फरशीवर ठेवायची आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवायची. मी पाच वर्षांची. एकदा विचारलं, "काय लिहिलंय गं?"

"माझं नाव. पहिलं."

"काय आहे?"

"आत्ता सांगितलं तर काय मजा? शाळेत जायला लागशील ना? शिकलीस की वाच."

त्याच पावसाळ्यात कावीळ झाली आणि आई गेली. मी अजून 'ग' गिरवत होते.

पुढच्या वर्षी पुतळा ठरला. गावात ओतकाम करणारं घर एकच, आमचं. बाबा नाही म्हणाले नाहीत. रीत अशी, की लोकांच्या भांड्यांच्या पुतळ्यात पहिलं भांडं ओतणाऱ्याच्या घरचं पडलं पाहिजे. मंडळी वाजतगाजत दारात आली. एका पुढाऱ्यानं घरात शिरून फळीवरची कळशीच उचलली. "ही द्या सदाशिवराव, चांगली झळकतेय." मी तिला मिठी मारली. बाबांनी माझी बोटं एकेक करून सोडवली आणि कळशी त्यांच्या हातात दिली. ढिगावर सगळ्यात वर ठेवली तिला. नावासकट पुकारा झाला, "ओताऱ्यांच्या घरची कळशी एक!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ओतायच्या वेळी बाबा भट्टीपाशी परक्याला उभं राहू देत नसत. दार लावून घेत. दार उघडलं तेव्हा भांडी नव्हती, लाल रस होता.

मी बारा वर्षांची असताना एकदा धीर करून विचारलं, "आईचं पहिलं नाव काय होतं?"

बाबा कानशीनं काहीतरी घासत होते. मान वर न करता म्हणाले, "तिनं सांगितलंय ना तुला? शिकलीस की वाच."

वाच! भांडं भट्टीत घालून हा माणूस मला वाच म्हणतो! त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं तोडलं. हो-नाही एवढंच. आईच्या तिथीला ते मला पुतळ्यापाशी न्यायचे, चपला काढायचे आणि हात जोडून उभे राहायचे. गाव म्हणायचं, सदाशिव ओतारी फार निष्ठावान. मला शरम वाटायची. ज्यानं आईचं गाव बुडवलं त्याच्यापुढे, तेही आईच्याच तिथीला! एकदा मी चौकातच ओरडले, "मी नाही याच्या पाया पडणार!" ते हळूच म्हणाले, "त्याच्या नको गं पडू, हेमे. नुसती उभी राहा." मी निघून आले ती पुन्हा कधी गेले नाही. पुण्यात शिकले, नोकरी केली. बाबा दोन हजार अकरात गेले. शेवटच्या भेटीत एकच वाक्य धड बोलले. "ओतलेलं सगळं कधी ना कधी परत भट्टीपाशी येतं, हेमे. पुतळेसुद्धा." मला वाटलं, म्हातारपणी वेदान्त सुचतोय.

*

पाट्या लावल्या आणि रोज चित्र गडद होत गेलं. पहिल्या आठवड्यात बाहेरचा आकार. दुसऱ्या आठवड्यात सांधे दिसले, आणि खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. काय सांधे जुळवले होते बाबांनी! खांद्याला, कमरेला, केसाएवढी फट नाही. पडद्यासमोर चहा पीत बसलेल्यांना त्यातलं काय कळणार.

चौदाव्या दिवशी सकाळी छातीत एक सावली दिसली. मला वाटलं, दोष असेल. सोळाव्या दिवशी तिला पोट आलं. सतराव्या दिवशी गळा आला, काठ आला, आणि वर झाकण.

दुपारपर्यंत चौक भरला. "कलश आहे!" कोणीतरी ओरडलं. "झाकण लावलेला आहे. अस्थिकलश आहे!"

माझं लक्ष त्या ओरड्याकडे नव्हतं. सावलीच्या डाव्या कुशीत एक पोचा होता. अंगठा बसेल एवढा. तो मी पाडला होता. नळावरून कळशी आणायचा हट्ट केला आणि पायरीवर आपटली, तेव्हा आई म्हणाली होती, "असू दे. आता हरवली तरी ओळखू येईल."

मी यंत्रामागच्या खुर्चीवर बसले आणि तोंडात पदर कोंबला. पासष्ट वर्षांची बाई, भर चौकात, काय शोभा. पण बाबा, अहो बाबा, तुम्ही वितळवलीच नाहीत! दिलेलं भांडं पुतळ्यात गेलंच पाहिजे हा शब्द, तोही पाळला. घरी परत आणली असती तर चोरीचा आळ आला असता. म्हणून कळशी पुतळ्यातच ठेवली, अख्खीच्या अख्खी, आणि वरून सांधा जुळवला. सहा वर्षांच्या पोरीला सांगितलं असतं तर तिनं गावभर केलं असतं. आणि मोठी झाल्यावर पोरीनं ऐकून घ्यायची सोयच ठेवली नाही.

ते हात जोडून उभे राहायचे ते कोणापुढे, हे मला त्या सतराव्या दिवशी दुपारी कळलं.

*

दुसऱ्या दिवशी समितीत आक्रितच घडलं. यशोधनची बाजू म्हणाली, "आत आजोबांच्या अस्थी असणार. घरातल्या मोठ्यांनी कोणाला न सांगता ठेवल्या असतील. मग हा पुतळा नाही, समाधी आहे. समाधी हलवता येत नाही."

मृणाल उभी राहिली. हातात पेन नव्हतं. "आमचे जेवढे देह सापडले, त्यांना सरकारनं एकत्र अग्नी दिला होता. अस्थी कधीच परत मिळाल्या नाहीत. कोणाला तरी पश्चात्ताप झाला असेल आणि त्यांनी त्या इथे ठेवल्या असतील. माझी आजी मरेपर्यंत विचारत होती, आमची माणसं कुठायत म्हणून." तिनं दोन्ही हात टेबलावर टेकले. "आमचीही मागणी आता हीच आहे, पुतळ्याला कोणी हात लावायचा नाही. कापायचा तर मुळीच नाही."

म्हणजे महिनाभर एकमेकांच्या उरावर बसलेली माणसं एका गोष्टीवर एक झाली! तहसीलदारांनी सुटकेचा श्वास सोडला. "मग एकमतानं ठराव. स्मारक जैसे थे. मॅडम, तुमचा अहवाल जोडा, की विषय कायमचा बंद."

कायमचा. म्हणजे माझी कळशी कायमची आत. आईचं नाव कायमचं आत. पुन्हा ते कोण उघडणार? मी आणखी किती जगणार?

आणि बोलायचं म्हटलं, तर खोटा अर्ज उघडा पडणार. तो गेला खड्ड्यात. पण समोर ती पोरगी डोळे पुसत उभी होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी तिला तिची माणसं सापडली होती, आणि तिला 'नाहीत गं ती' असं सांगणारी मी कोण? हा एकच विचार मला खाली बसवत होता. मी बसून राहिलेही, चांगली दोन मिनिटं. ठराव वाचून होत आला.

मग मी उठले. "थांबा. ती कळशी आहे. पाण्याची. माझ्या आईची."

सगळं सांगितलं. अर्जातलं खोटं, बाबा, भट्टीचं लावलेलं दार, सगळं. हॉलमध्ये आधी कुजबुज, मग गलका. कोणी म्हणालं, "ही बाई आधीपासून विकली गेलेली आहे!" कोणी म्हणालं, "पुरावा काय?"

"डाव्या कुशीत पोचा आहे, पडद्यावर बघा. आणि गळ्यावर आईचं नाव आहे."

"कोणतं नाव?" तहसीलदारांनी विचारलं.

"तेच तर मला माहीत नाही हो!" मी जवळजवळ ओरडलेच. "त्या नावासाठीच तर मरतेय मी!"

मृणाल माझ्याकडे बघत होती. "तुमची आई पळसवेढ्याची? आणि महिनाभर तुम्ही बोलला नाहीत?"

"कोणत्या तोंडानं बोलू, बाळ? पुतळा माझ्या बापानं ओतला."

मग यशोधन उठला. "मागच्या बाजूनं कापा," तो म्हणाला. "पाठीत. अस्थी निघाल्या तर ज्यांच्या त्यांना देऊ. कळशी निघाली तर हेमाताईंना. आजोबांनी खूप पाणी दिलं असेल, पण कोणाची कळशी छातीत दाबून बसावं एवढा त्यांचा अधिकार नाही."

*

पुढे काय ठरलं ते आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचं लक्ष तिकडेच राहायचं. पुतळा चौकातून हलला, धरणाच्या पायथ्याशी गेला. पाटीवर दोन्ही लिहिलं, पाणीही आणि तेवीस जूनही. रस्ता पळसवेढे मार्ग झाला, आणि रिक्षावाले अजून 'पुतळ्यापाशी सोडू का?' असंच विचारतात. माझी नोकरी गेली, ती जायलाच हवी होती.

कापलं त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले होते. चौकात एवढी माणसं, पण कापायच्या यंत्राशिवाय आवाज नाही. पाठीतला चौकोन निघाला. मी मृणालला म्हटलं, "तू हात घाल. अस्थी असतील तर आधी तुझा हात लागू दे."

तिनं खांद्यापर्यंत हात आत घातला. "काहीतरी गोल आहे. प्लास्टरमध्ये बसवलंय." हलवून हलवून तिनं ते सोडवलं आणि बाहेर काढलं. हिरवीगार पडलेली कळशी. झाकणाला डाग देऊन पक्कं केलेलं. झाकणावर जाड छिन्नीनं, बाबांच्या हातची अक्षरं होती, ती हिरव्यातूनही वाचता येत होती. 'पुतळा उतरेल तेव्हा हेमाला द्यावी.'

मी खालीच बसले. काय करणार? ओतारी होता तो. पुतळे उतरतात हे ओतणाऱ्याला ठाऊक नसेल तर कोणाला?

झाकण तासलं. आत राख नव्हती, अस्थी नव्हत्या. खुळखुळू नये म्हणून भरलेली साच्याची माती होती, बस्स. मृणालनं ती चिमटीत घेऊन बघितली आणि मान फिरवली. मला तिच्याकडे बघवेना.

समोरच्या हॉटेलातून कोणीतरी चिंच आणि मीठ आणलं. मी तिथेच, पुतळ्याच्या पायरीवर बसून गळा घासायला लागले. हिरवं निघालं, काळं निघालं, मग तांब्याचा रंग आला. टिंबं दिसायला लागली. डोळ्यांत पाणी, चष्म्यावर वाफ, मला काही केल्या अक्षर लागेना. मी कळशी मृणालपुढे धरली. "वाच गं. मला वाचवत नाही."

तिनं गुडघे टेकले आणि बोट ठेवून वाचलं. "चि. सौ. कां. ... गोजरा हिस... मामाकडून सप्रेम. मुक्काम पळसवेढे."

गाव पाण्याखाली जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी मामानं मुक्काम पळसवेढेच घातला होता.

"गोजरा," मी म्हटलं. जिभेला सवय नव्हती. पुन्हा म्हटलं, "गोजरा. माझ्या आईचं नाव गोजरा."

पण मृणाल माझ्याकडे बघत नव्हती. ती ते नाव पुन्हा पुन्हा वाचत होती. "तुमच्या आईचे वडील कोण?"

"ठाऊक नाही. लहानपणीच सगळे गेले. पाणी यायच्या आदल्या दिवशी मामा तिला आपल्या गावी घेऊन गेला होता, एवढं शेजारणीकडून ऐकलंय."

तिनं पिशवीतून तो घडीचा कागद काढला. "रेशनकार्डावरून यादी केली होती. घरातलं कोणी उरलंच नाही, तेव्हा विचारणार कोणाला? घर बुडालं म्हणजे सगळे गेले, असं धरलं. लग्नात नाव बदललं, त्यामुळे कोणाला पत्ताच लागला नाही. मावशी, हे बघा." मॅडमची मी मावशी कधी झाले, मला कळलंही नाही. कागदावर तिच्या आजीच्या हातानं लिहिलेलं होतं, 'गोजरा भिवा कारंडे, वय ८.'

पहिल्या बैठकीत ते नाव माझ्यासमोर वाचलं होतं. मी मान खाली घालून ऐकलं होतं. जन्मभर ज्यासाठी झुरले ते नाव दोन हातांवरून गेलं आणि मला पत्ता नव्हता.

"आजी दरवर्षी रडायची हिच्यासाठी," मृणाल म्हणाली. "दोघी एकाच वयाच्या. म्हणायची, गोजरीनं माझ्या वाट्याचंही पाणी प्यायलं. आणि ती जगली होती, मावशी! तिचं लग्न झालं, तिला मुलगी झाली!" ती रडत होती आणि हसतही होती. मग तिनं पेन काढलं. "अकरा नाहीत. दहा. हे नाव खोडते मी."

मी तिचा हात धरला. "खोड. पण त्याआधी एकदा वाच. तुमची आजी वाचायची तसं. सगळ्यांच्या मधे, तिच्या आई-बापाच्या, भावांच्या मधे. मग खोड."

ती उभी राहिली. चौकातली माणसंही उभी राहिली, यशोधनसुद्धा. कळशी माझ्या मांडीवर होती आणि माझा अंगठा त्या पोच्यात. मृणालनं एकेक नाव वाचलं, सावकाश, वयासकट. भिवा नामा कारंडे झाला, त्याची बायको झाली, मुलगे झाले.

"गोजरा भिवा कारंडे," तिनं हाक मारावी तसं वाचलं.

आणि आईच्या वतीनं मी ओ दिली.